टाळांच्या डोक्यावरचा माईक

सिद्धेश्वर धरणाच्या परिसरातल्या सप्ताहांच्या ध्वनिफिती मी गेली वीस वर्षे जमवतो आहे. त्यांत जुन्या कॅसेटी आहेत, लग्नाच्या व्हिडिओवाल्यांनी केलेली चित्रणे आहेत आणि अलीकडची मोबाइलवरची ध्वनिमुद्रणेही आहेत. ही सारी एकापाठोपाठ ऐकली की एक दोष सतत खटकतो. टाळांचा आवाज पत्र्यावर खडे पडावेत तसा येतो आणि मृदंगाचा हात त्याखाली दबून जातो. दोष वादकांचा नाही. मंडपात उभे राहून ऐकताना टाळ गोल लागतात आणि मृदंगाची थाप छातीवर येते. मग तो आवाज वाटेत कुठे बिघडतो?

मुद्रण करणारे साधारणपणे दोन उत्तरे देतात. माईक स्वस्त होता, किंवा मंडपात घुमारा होता. दोन्ही अपुरी आहेत, कारण महागड्या कंडेन्सर माईकवर केलेल्या मुद्रणांतही तोच कर्कशपणा आहे, किंबहुना जास्त आहे. पुष्कळशा कंडेन्सर माईकांचा वरच्या कंपनांकडचा प्रतिसाद मुद्दाम थोडा उचललेला असतो. गायकाचे शब्द स्पष्ट यावेत हा त्यामागचा हेतू. टाळ काशाचे असतात, त्यांच्या नादाचा बराच भाग मुळातच वरच्या पट्टीत असतो. उचललेल्यावर पुन्हा उचल, असा हा प्रकार होतो.

पाश्चात्त्य ड्रमवादनात हाच प्रश्न झांजांच्या बाबतीत येतो. ड्रम-सेटच्या डोक्यावर जे माईक टांगतात त्यांना ओव्हरहेड म्हणतात आणि तिथे अनेक ध्वनिमुद्रक रिबन माईक पसंत करतात. लेड झेपेलिनचे ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ हे १९७१ चे मुद्रण त्यासाठी नेहमी सांगितले जाते. ड्रम जिन्याच्या तळाशी ठेवले होते आणि वर बायरडायनॅमिकचे दोन एम १६० रिबन माईक टांगले होते.

रिबन माईकची रचना साधी आहे. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ॲल्युमिनियमची अतिपातळ, नागमोडी दुमडलेली पट्टी लोंबत असते. हवा हलली की पट्टी हलते आणि तिच्यात वीज उत्पन्न होते. बीबीसीने घडवलेल्या आणि कोल्स ४०३८ या नावाने मिळणाऱ्या माईकात ही पट्टी ०.६ मायक्रॉन जाडीची असते, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण शंभरावा हिस्सा. तिचे स्वतःचे कंपन फार खालच्या पट्टीत असते, त्यामुळे वर कुठे उसळी येत नाही. उलट टोकाला आवाज हळूहळू उतरतो.

इथे एका गैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. ‘रिबन म्हणजे जुन्या रेकॉर्डींचा गोडवा’ असे सर्रास बोलले जाते. जुन्या तबकड्यांवर वरची कंपने कमी येत, त्याला तबकडीच्याही मर्यादा कारण होत्या. सगळे श्रेय माईकला देणे हा स्मरणरंजनाचा भाग झाला. माझ्या मते भजनासाठी रिबनचा खरा गुण गोडव्यात नाही, तो दिशेत आहे.

नेहमीच्या रिबन माईकला पुढून आणि मागून सारखेच ऐकू येते, दोन्ही बाजूंनी मात्र तो जवळजवळ बहिरा असतो. वारकरी भजनात टाळकरी दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात. मध्ये माईक टांगला की एक रांग त्याच्या पुढे, दुसरी मागे येते. मंडपाचा कर्णा बहिऱ्या बाजूला येईल असे पाहिले की शिट्टीही बरीच टळते. आठाच्या आकड्याची ही ग्रहणकक्षा जणू आमच्या पावलीसाठीच आखली असावी, असे मला पहिल्यांदा वाटले.

पण पहिलेच मुद्रण फसले. टाळ सुरेख आले, मृदंग मात्र नाहीसा झाला. उभ्या टांगलेल्या पट्टीला तिच्या बरोबर खालूनही ऐकू येत नाही आणि मृदंगी नेमका तिथे उभा होता. मी त्यांना म्हटले, ‘बुवा, दोन पावले सरकता का?’ ते म्हणाले, ‘माझी जागा विणेकऱ्याशेजारी. तुमचं यंत्र सरकवा.’ त्यांचे बरोबर होते. माईक एका रांगेकडे दोन हात सरकवला आणि थोडा कलता केला. पुढची बाजू मृदंगावर आली, मागची बाजू जवळच्या रांगेच्या डोक्यावरून गेली, त्यामुळे त्या रांगेचा जोरही आपोआप उतरला. त्या रात्री कणीक लावलेल्या पुडीचा घुमार आणि शाईवरची बोटे दोन्ही वेगवेगळी ऐकू आली.

रिबनचे दोषही सांगितले पाहिजेत. त्याचा आवाज क्षीण असतो, म्हणून चांगला प्रीॲम्प लागतो, नाहीतर सूं-सूं वाढते. वारा त्याचा शत्रू. धरणाच्या पाण्यावरून आलेल्या एका झोताने माझी एक पट्टी ताणली गेली. जाळीवर कापड न लावण्याचा आळस माझाच होता आणि दुरुस्तीचा खर्चही मलाच भोवला. शिवाय प्रत्येक वाद्याला तो मानवत नाही. गोंधळ्याच्या संबळावर काठीचा टोकदार आघात हवा असतो, हलगीचा कडकडाट हाच तिचा प्राण. तिथे रिबन वापरला की वाद्य सभ्य होते आणि मेते. तिथे साधा डायनॅमिक माईकच बरा.

एवढ्या खटाटोपाचे कारण असे. हिंगोली जिल्हा म्हणजे नरसी नामदेवाचा मुलूख. इथली भजनाची चाल, ठेका, पावली हे सारे कानावरूनच पुढे जाते. पुढचा मृदंगी आता हाताऐवजी मोबाइल ऐकून शिकतो आहे. त्याच्या मुद्रणात टाळांचा पत्राच असेल तर तो जोरात वाजवायला शिकेल, कारण मृदंग ऐकू यायला जोरच लागतो असा त्याचा समज होईल. गेल्या दोन सप्ताहांत काही तरुण हातांवर मला हे दिसले आहे. म्हणून भजनाच्या मुद्रणाची समीक्षा करताना गायकाच्या गळ्याइतकीच माईकच्या निवडीची आणि जागेची नोंद घ्यावी, अशी माझी मागणी आहे. निदान फितीवर तारखेशेजारी माईकचे नाव लिहायला तरी सुरुवात करावी.