तहान नसलेला उंट

वाङ्मयाला वाहिलेल्या या पानांत संगणकीय खेळातील एका प्राण्याचे परीक्षण यावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु कथा-कादंबरीप्रमाणे असा खेळही एक जग निर्माण करतो, आणि मूल त्या जगात तासन्‌तास वावरते. ज्या जगात आपली मुले वावरतात, ते कोणत्या मूल्यांवर उभे आहे हे पाहणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे आहे, असे आम्हाला वाटत नाही.

‘माइनक्राफ्ट’ हा तो खेळ. स्टॉकहोम येथील मोजँग या संस्थेने तो पूर्णरूपाने 2011 मध्ये प्रसिद्ध केला. 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने ती संस्था विकत घेतली, आणि 2023 पर्यंत खेळाच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. ठोकळ्यांनी बनलेल्या या सृष्टीत ठरलेली कथा नाही. मुलाने खणावे, बांधावे, शेती करावी, जनावरे पाळावीत, हवे तिकडे जावे. या सृष्टीतील वाळवंटात जून 2023 मध्ये उंट आला.

प्रथम त्याचे गुण सांगणे न्याय्य ठरेल. वाळवंटातील गाव निर्माण होताना तेथे हा उंट आढळतो. घोड्याला माणसाळविण्यासाठी त्याच्या पाठीवरून वारंवार पडावे लागते. उंटाशी अशी झटापट करावी लागत नाही. खोगीर चढविले की तो स्वार घेतो. त्याची चाल घोड्याहून मंद आहे. मधूनच तो आपल्या मर्जीने खाली बसतो आणि उठायला वेळ घेतो. सतत धावण्याची सवय लागलेल्या मुलाला हा प्राणी थांबायला लावतो, आणि निर्मात्यांनी हे जाणूनबुजून केलेले दिसते. त्याची उंचीही अर्थपूर्ण आहे. रात्री हिंडणाऱ्या झोंबींचे हात त्याच्या पाठीवरील स्वारापर्यंत पोहोचत नाहीत.

परंतु या उंटाचे खरे सौंदर्य त्याच्या खोगिरात आहे. त्यावर दोघे बसतात. पुढचा वाट धरतो, मागच्याने त्याच्यावर विसंबून राहायचे. बहुतेक खेळांत दुसरा माणूस प्रतिस्पर्धी असतो. येथे तो सहप्रवासी होतो. दोन भावंडे एका उंटावरून वाळवंट ओलांडताना दिसतात, तेव्हा कलाकृती म्हणूनही हा प्राणी आम्हाला साधलेला वाटतो.

आता उणिवेकडे वळू. या उंटाला तहान नाही. खेळात पाणी आहे, नद्या आहेत, समुद्र आहे. परंतु ते पिण्याची गरज ना माणसाला, ना जनावराला. निवडुंग चारला की उंटांची जोडी पिलू देते, एवढाच त्याच्या पोषणाचा व्यवहार. तो ओझेही वाहत नाही. गाढवावर आणि लामावर पेटारा लादता येतो, उंटावर मात्र येत नाही. इतिहासात ज्या प्राण्याने शतकानुशतके तांड्यांचा भार वाहिला, तो येथे रिकाम्या पाठीने, कोरड्या परंतु तृप्त घशाने उभा आहे.

याच वाळवंटात विहिरी आहेत, आणि आमच्या आक्षेपाचे मर्म तेथे सापडते. उंटाबरोबरच या खेळात पुरातत्त्व आले. मूल विहिरीपाशी जाते ते पाणी शेंदण्यासाठी नव्हे. तळाची वाळू कुंचल्याने झाडून जुन्या मडक्यांची खापरे मिळविण्यासाठी. चार खापरे जुळविली की नक्षीदार घडा तयार होतो. त्या घड्यात वस्तू ठेवता येतात, पाणी भरता येत नाही. विहीर, घडा आणि उंट ही तिन्ही एकाच वेळी या वाळवंटात अर्थपूर्ण झाली. परंतु त्यांना एकत्र बांधणारी तहान तेवढी गाळली गेली.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला या तीन गोष्टी एकत्र पाहून उत्पत्तीच्या पुस्तकातील चोविसाव्या अध्यायाची आठवण होणे अपरिहार्य आहे. अब्राहामाचा वृद्ध सेवक इसहाकासाठी वधू शोधायला दहा उंट घेऊन निघतो आणि सांजवेळी नगराबाहेरच्या विहिरीपाशी उंट बसवितो. मुलीची पारख करण्यासाठी तो रूप वा घराणे विचारीत नाही. आपण पाणी मागितल्यावर जी उंटांनाही पाजीन म्हणेल, तीच ती, अशी खूण तो देवापाशी मागतो. तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो. दहा उंटांना पोटभर पाजायचे झाले आणि घडा दहा-बारा लिटरचा धरला, तर ऐंशी ते शंभर खेपा होतात. रिबेकेने किती खेपा केल्या हे शास्त्र सांगत नाही. मात्र उंटांचे पिणे संपेपर्यंत ती पाणी काढीत राहिली, हे ते सांगते. परक्याच्या मुक्या जनावरांसाठी उपसलेले हे पाणी तिच्या स्वभावाची साक्ष ठरले. उंटांना तहान नसती, तर त्या कथेत रिबेकेला आपले औदार्य दाखवायला जागाच उरली नसती.

खेळ हा खेळ असतो, त्यात सगळेच कसे आणता येईल, असा प्रतिवाद होईल. तो अगदीच निराधार नाही. दर घटकेला जनावराला पाणी पाजावे लागले, तर खेळाचे ओझे होईल. परंतु याच खेळात माणसाला भूक लागते, तिच्यासाठी शेत पिकवावे लागते, आणि मुले ते आनंदाने करतात. गरज आणि रंजन यांचा मेळ निर्मात्यांना जमतो, हे त्यांनीच सिद्ध केले आहे. म्हणून उंटाला गरजेपासून मुक्त ठेवणे ही आम्ही असहायता मानीत नाही. ती निवड आहे. त्या निवडीमुळे सजीव प्राणी वाहनाच्या जवळ सरकतो. खोगीर घालावे, चालवावे, गावात सोडून द्यावे. महिनाभराने परत आलो तरी तो तसाच उभा.

पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या 2015 च्या विश्वपत्रात प्रत्येक प्राणिमात्राला मानवी उपयोगापलीकडचे स्वतःचे मोल आहे, असे शिकविले. ते मोल मुलाला व्याख्यानातून क्वचितच कळते. गोठ्यातील गाय हंबरली की तिला पाणी दाखवावे लागते, घरच्या कुत्र्याची वाटी रिकामी दिसली की ती भरावी लागते, अशा लहान कामांतून ते कळते. ज्याच्या गरजेला आपण उत्तर देतो, त्याच्याविषयी आपल्या मनात माया उपजते. माइनक्राफ्टचा उंट मुलाला सोबत देतो, संरक्षण देतो. परंतु त्याच्याकडून काही मागत नाही, आणि म्हणून मायेची ही वाट तो बंद ठेवतो.

एवढ्यावरून हा खेळ घराबाहेर काढावा, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पालकांना आमचे सुचविणे इतकेच की, त्या खोगिरावरील मागची जागा अधूनमधून आपण घ्यावी. वाळवंटातली विहीर आली की उंटाला पाणी कोण पाजते, हे मुलाला विचारावे. त्याच संध्याकाळी रोझरीनंतर रिबेकेची कथा वाचून दाखवावी. नाताळच्या गव्हाणीत ज्ञानी लोकांचे उंट मांडताना त्यांच्यापुढे पाण्याची एक लहानशी वाटी ठेवायचे काम त्या मुलावर सोपवावे.