अपात्रता आणि गावगाडा : विचखेडे प्रकरणाच्या निमित्ताने

धुळे-जळगाव मार्गावरील पारोळे तालुक्यात विचखेडे हे गाव आहे. तेथील सरपंच श्रीमती मनीषा रवींद्र पानपाटील यांना अपात्र ठरविणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०२४ रोजी रद्द केला. न्या. सूर्य कांत व न्या. उज्जल भुयान यांच्या या निकालाचे अभिनंदन करण्यास कोणाचीच हरकत नसावी. आम्हांस प्रश्न पडतो तो त्याच्या मर्यादेविषयी.

श्रीमती पानपाटील फेब्रुवारी २०२१ मध्ये निवडून आल्या. त्या सासूसमवेत शासकीय जागेवर बांधलेल्या घरात राहतात, अशी तक्रार काही ग्रामस्थांनी केली. आपण पती व मुलांसह भाड्याच्या घरात निराळ्या राहतो, ते जुने घर राहण्याजोगे उरलेलेच नाही, असे त्यांचे उत्तर होते. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरविले. विभागीय आयुक्तांनी तो आदेश कायम केला. औरंगाबाद खंडपीठाने ३ ऑगस्ट २०२३ रोजी तांत्रिक कारणावरून याचिका फेटाळली. वस्तुस्थिती नीट तपासण्याची तसदी कोणत्याच अधिकाऱ्याने घेतली नाही, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने कडक ताशेरे ओढले, आणि एक स्त्री सरपंच झाली हे गावकऱ्यांस पचले नाही, असे निदानही केले.

निदान योग्यच आहे. परंतु गावकऱ्यांच्या मनास जे पचले नाही, त्यास हत्यार कोणी पुरविले? ते १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम १४(१)(ज-३) ने पुरविले. शासकीय जमिनीवर अतिक्रमण करणारा सदस्य त्यान्वये अपात्र होतो. मूळ अतिक्रमण करणारासच ही अपात्रता लागते, हा २०१७ मधील संकुचित अर्थ जनाबाई प्रकरणात (२०१८) त्रिसदस्य पीठाने अमान्य केला, आणि कुटुंबीयांच्या अतिक्रमणाचा उपभोग घेणाराही अपात्र ठरू लागला. सार्वजनिक जागेच्या रक्षणाच्या दृष्टीने हा अर्थ समर्थनीय आहे. तथापि त्याचा भार कोणावर पडतो? भूमिहीनाचे घर बहुधा गायरानावर वा गावठाणाच्या कडेस असते. आणि सुनेच्या वाट्यास येणारे घर तिने बांधलेले नसते.

याच अधिनियमात दुसरी एक तरतूद आहे. स्त्रीसाठी राखीव असलेले सरपंचपद स्त्रीकडे असेल, तर अविश्वासाच्या ठरावास तीन-चतुर्थांश सदस्यांचे बहुमत लागते. दुफळी माजलेल्या गावात ते जमविणे कठीण. उलट अपात्रतेच्या अर्जास बहुमत नको. एक अर्जदार पुरे. पुढच्या दाराला अडसर घालून मागचे दार मोकळे ठेवावे, असा हा प्रकार आहे.

सर्वोच्च न्यायालयाने पुरावा लंगडा ठरवून पद परत दिले. कलम मात्र होते तसेच राहिले. पुरावा पक्का असता, म्हणजे ही सून खरोखरच सासूजवळ राहत असती, तर गावकऱ्यांच्या पूर्वग्रहाविषयीचे ते निदान तिच्या कितपत उपयोगी पडले असते? न्यायालयापुढे तो प्रश्न आला नाही. निकाल हाती आला तेव्हा पाच वर्षांच्या मुदतीपैकी साडेतीन वर्षांहून अधिक काळ उलटून गेला होता.