मीठ किती, सोडियम किती?

‘हार्ट फेल्युअर’च्या रुग्णांना वाटली जाणारी एक मराठी पत्रिका आम्ही वाचली. तीत या आजाराला ‘हृदय बंद पडणे’ म्हटले आहे! हृदय चालूच असते. पंप अशक्त झालेला असतो. ‘दिवसाला सोडियम २ ग्रॅम’ हा सल्लाही असाच. स्वयंपाकघरात सोडियम कोण मोजणार? मिठात ते वजनाने सुमारे ४० टक्के, म्हणजे २ ग्रॅम सोडियम हे ५ ग्रॅम मीठ, जेमतेम चहाचा एक चमचा. लोणचे-पापड त्यातच आले. रोज वजन करा, असे छापले आहे. कशासाठी, ते नाही. तीन दिवसांत २ किलो वाढले तर ती चरबी नव्हे, बहुधा अंगात साठलेले पाणी असते, आणि डॉक्टरांना लगेच कळवायचे असते.