राखेचा बुधवार आणि एलियट यांची कविता

टी. एस. एलियट यांनी जून १९२७ मध्ये इंग्लंडच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९३० मध्ये ‘ॲश वेन्सडे’ ही त्यांची सहा भागांची कविता प्रसिद्ध झाली. या दोन घटना शेजारी ठेवून कवितेकडे श्रद्धेचा जाहीरनामा म्हणून पाहण्याचा प्रघात पडला. तो कवितेवर अन्याय करणारा आहे.

राखेच्या बुधवारी ख्रिस्ती प्रायश्चित्तकाळाला आरंभ होतो. मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून धर्मगुरू ती राख भाविकाच्या कपाळावर क्रुसाच्या आकारात लावतो आणि मातीतून आलेल्या देहाच्या मातीत मिळण्याचे स्मरण देतो. जयघोषासाठी उंचावलेली झावळी वर्षभरात राख होते, हे या विधीचे मर्म. मराठी वाचकाला येथे भस्म आठवणे स्वाभाविक आहे; परंतु भस्म मुख्यतः वैराग्याची खूण, तर ही राख अपराधाची कबुली.

आश्चर्य असे की, शीर्षकाबाहेर कवितेत राख कोठेच नाही. १६६२ च्या इंग्लिश प्रार्थनाग्रंथातही राख लावण्याचा विधी नव्हता. अँग्लो-कॅथलिक मंडळींनी तो पुन्हा रूढ केला. एलियट यांनी विधीचे वर्णन टाळून त्याचे कार्य प्रतिमांकडे सोपविले आहे. दुसऱ्या भागात तीन पांढरे बिबळे देह खाऊन टाकतात आणि उरलेल्या अस्थी गाऊ लागतात. यहेज्केलच्या दृष्टान्तात अस्थींवर पुन्हा मांस चढते. येथे त्या विखुरलेल्या राहण्यातच तृप्त आहेत. मृत्यूचे भय नव्हे, ‘मी’पणाच्या ओझ्यातून झालेली सुटका या गाण्यात ऐकू येते. तिसऱ्या भागातील जिना मात्र ती सुटका टिकू देत नाही. खिडकीतून बासरी वाजविणारी आकृती दिसते आणि चढणाऱ्याचे मन रेंगाळते.

पाचव्या भागातील शब्दक्रीडा अतिरेकी आहे. तेथे प्रार्थनेचे प्रवचन होते. सहाव्या भागाने ही उणीव भरून काढली आहे. परतण्याची आशा नसल्याचे विधान पहिल्या भागात कारण सांगणाऱ्या अव्ययाने येते, येथे तेच ‘जरी’ या अर्थाच्या अव्ययाने येते. इतक्याशा व्याकरणिक बदलाने निराशेचे कारणपण संपते. आशा मात्र हाती लागत नाही. उलट लायलॅकची फुले आणि समुद्राचा गंध मनाला पुन्हा जगाकडे ओढतात. गुडघे टेकलेला हा माणूस अद्याप या जगावर प्रेम करतो आहे, आणि त्या प्रेमासाठी क्षमा मागावी की नाही, हे त्याचे ठरलेले नाही.