‘रस्त्यावर काही दिसलं नाही’ : सुरुंग, शिपाई आणि प्रगतीचं मोजमाप

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? बाहेर पुलावरचे हॉर्न चालूच राहणार, शहाडात त्याला इलाज नाही. मध्येच आम्ही थांबलो तर विसरलो असं समजू नका, ट्रक जाऊ देतोय असं समजा.

आजचा विषय काहींना आमच्या तोंडी विचित्र वाटेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, बंदूक हातात धरली नाही, आणि बोलायचं कशावर, तर रस्त्यात पुरलेल्या सुरुंगांवर. पण आपण राहतो कुठे ते बघा. उल्हासनगरला अजून आपण कॅम्प एक, कॅम्प चार असंच म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती, फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले. तिकडे अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी. म्हणजे पत्ता लष्करी, शेजार दारूगोळ्याचा, आणि युद्धाची माहिती मात्र सगळी वर्तमानपत्रातून. त्या माहितीचीच आज आम्हांला समीक्षा करायची आहे. विशेषतः तिच्यातल्या एका शब्दाची, ‘प्रगती’ या शब्दाची.

सुरुवात एका विद्यार्थ्यापासून करतो. नाव सांगत नाही, त्यालाही आवडणार नाही. मुरबाडकडचा मुलगा, बी.ए.ला आमच्याकडे होता, पुढे राज्य राखीव पोलीस दलात गेला आणि गडचिरोलीच्या पोलीस मदत केंद्रांवर त्याचे बरेच महिने गेले. सुट्टीवर आला की भेटायला यायचा. एकदा आम्ही नेहमीच्या मास्तरी थाटात विचारलं, ‘काय रे, परिस्थिती सुधारतेय का तिकडे?’ तो म्हणाला, ‘सर, आम्ही असं विचारत नाही. आम्ही विचारतो, आज गाडी की पायी?’

आम्हांला आधी वाटलं, पोरगा प्रश्न टाळतोय. नंतर लक्षात आलं, त्याने उत्तर दिलं होतं. भूसुरुंग माणसापेक्षा वाहनासाठी लावला जातो. एका स्फोटात पंधरा माणसं मारायची तर ती पंधरा माणसं एका जागी, एका पत्र्यात बसलेली हवीत. म्हणून नियम असा, की शक्यतो गाडीत बसायचं नाही. रस्ता सोडून, एकमेकांत अंतर ठेवून, जंगलातून चालायचं. वीस किलोमीटर असो की चाळीस. ज्या दिवशी साहेब निर्धास्तपणे ‘गाडीने जा’ म्हणतील तो दिवस सुधारणेचा. त्याच्या लेखी प्रगतीचं माप हे, आणि ते रोज सकाळी नव्याने घ्यावं लागतं.

आता आपलं माप बघा. इतके किलोमीटर रस्ता झाला, इतके मोबाइल टॉवर उभे राहिले, इतके ठार, इतके शरण. हे आकडे खोटे असतात असं आमचं म्हणणं नाही. आमची तक्रार वेगळी आहे. २२ एप्रिल २०१८ ला भामरागड तालुक्यात कसनासूर-बोरियाच्या जंगलात पोलिसांच्या सी-६० पथकाशी चकमक झाली. चाळीस माओवादी मारले गेल्याचं पोलिसांनी सांगितलं. सी-६० हे १९९० साली उभं राहिलेलं, तिथल्याच मुलांचं पथक. एवढी मोठी संख्या पाहिल्यावर आता कणा मोडला, असं पुष्कळांनी म्हटलं. आम्हीही म्हटलं असेल, चहाच्या टपरीवर. पुढच्या वर्षी ११ एप्रिलला लोकसभेचं मतदान झालं.

मग उजाडला १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. कुरखेडा तालुक्यात दादापूरला रात्रीतून रस्त्याच्या कामावरची वाहनं आणि यंत्रं जाळली गेली. दोन-चार नव्हेत, पंचवीसहून जास्त. पोलिसांचं शीघ्र कृती पथक खाजगी वाहनाने तिकडे निघालं. जांभुळखेड्याजवळ स्फोट झाला. पंधरा पोलीस आणि गाडीचा चालक, एकूण सोळा जण गेले. कसनासूरला वर्ष उलटून जेमतेम नऊ दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत ‘भ्याड हल्ला’ होता, ‘वीरमरण’ होतं. शब्द चुकीचे नव्हते, पण त्यांच्यामुळे एक गोष्ट झाकली गेली. जाळपोळ हा निरोप होता. जाळपोळ झाली की पोलिसांना जावंच लागतं, ते त्यांचं कर्तव्य. सुरुंग लावणाऱ्याला रस्त्याइतकीच ही सवय वाचता यावी लागते. कोण, कशाने, कुठल्या बाजूने येणार हे त्याला ठाऊक हवं. गाडीने जायला नको होतं, असं नंतर सगळेच म्हणाले. नंतर म्हणणं सोपं असतं.

इथे आमच्या विषयाकडे येऊ द्या. घाबरू नका, थोडंच आहे.

एखादी गोष्ट ‘नाही’ हे आपल्याला कळतं कसं? आपल्या परंपरेत यावर शेकडो वर्षं वाद झाला. खोलीत बघितलं, जमिनीवर घट दिसला नाही, म्हणून घट नाही. भाट्ट मीमांसक म्हणतात, हे एक स्वतंत्र प्रमाणच आहे, त्याचं नाव अनुपलब्धी. नैयायिक म्हणतात, स्वतंत्र कशाला, प्रत्यक्षातच ते बसतं. भांडण मोठं आहे, पण एका अटीवर दोघेही एकत्र येतात. ती अट म्हणजे योग्यता. घट असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. उजेडात घट दिसला नाही तर घट नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध झालं नाही. आणि पिशाच? ते तर भर दुपारीही दिसत नाही. तेव्हा खांबावर पिशाच दिसलं नाही, म्हणून ते नाही, असं म्हणता येत नाही.

आता सुरुंगाकडे बघा. असतो तो बहुतेक वेळा कुकर नाहीतर स्टीलचा डबा, म्हणजे अक्षरशः घटच! पण तो अशा रीतीने पुरतात की त्याचं पिशाच व्हावं. न दिसणं हीच त्याची कारागिरी. म्हणून ‘रस्त्यावर काही दिसलं नाही’ हे वाक्य गस्तीवरचा शिपाई वहीत लिहितो तेव्हा तो खरं लिहितो, आणि तरीही रस्त्यावर काही नाही हे त्यावरून ठरत नाही. त्याला स्वतःला हे पक्कं माहीत असतं. वही वरच्या टेबलावर जाते तसतसं ‘दिसलं नाही’चं ‘नाही’ होतं. महिनाभर घटना नाही, तिमाहीत घटना नाही, म्हणून प्रगती. आमचा आक्षेप नेमका या पायरीवर आहे. घटना घडली नाही हे लिहिताना, असती तर आपल्याला आधी दिसली असती का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

बर्ट्रांड रसेलने १९१२ च्या एका पुस्तकात कोंबडीचं उदाहरण दिलंय. रोज दाणे टाकणारा हात एक दिवस मान मुरगळतो. कोंबडीचा अनुभव खोटा नव्हता, भरपूर होता. आमच्या विद्यार्थ्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, ‘सर, आमच्यात कोंबडीला रस्ता बदलून जायला शिकवतात.’ सुरक्षिततेच्या शास्त्राचं इतकं नेमकं वर्णन आम्ही कुठे वाचलेलं नाही.

मग डांबर आलं की काय होतं? इथे आमचा एक गैरसमज त्याने दूर केला. डांबरी रस्ता म्हणजे विकास, आणि विकास आला की माणसं बंदुका टाकतात, असं आम्ही धरून चाललो होतो. शिपायाला डांबर आवडतं ते साध्या कारणाने : मुरमाच्या रस्त्यावर खोदून पुन्हा माती लोटली की एका पावसात खूण जाते, डांबर फोडलं तर ठिगळ दिसतं. मीमांसकांच्या भाषेत, डांबराने योग्यता वाढते. पण मोऱ्या राहतातच, पुलांचे पोट राहतंच. आणि समोरचाही शिकतो. २६ एप्रिल २०२३ ला शेजारच्या छत्तीसगडमध्ये, दंतेवाड्याच्या अरनपूरजवळ दहा पोलीस आणि त्यांचा चालक गेले. तिथे रस्ता डांबरीच होता. स्फोटकं बाजूने बीळ खोदून खाली सरकवली होती.

जाता जाता एक शब्द. ‘सुरुंग’ हा शब्द आपल्याकडे फार जुना, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे, आणि तिथे त्याचा अर्थ भुयार. किल्ल्याच्या बुरजाखाली भुयार खणून दारू ठासायची म्हणून दारूलाच सुरुंग म्हणू लागले. १६६० साली शाएस्ताखानाने चाकणचा बुरूज उडवला तो असाच. अरनपूरला शब्द आपल्या मूळ अर्थाकडे परत गेला.

आता दूरचं एक उदाहरण, कारण शिपायांनी स्वतः लिहिलेलं फार थोडं मिळतं. १९ ऑगस्ट २००७ ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये इराकमधल्या सात अमेरिकन सैनिकांनी मिळून एक लेख लिहिला. तिथे नोकरीत असताना, नावानिशी. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा एकच चर्चा होती, जादा फौज पाठवल्यावर प्रगती झाली की नाही. हे सात जण म्हणाले, प्रश्नच अमेरिकेच्या डोळ्यांनी विचारला जातोय. त्यांनी एक प्रसंग सांगितला : इराकी सैन्याची चौकी आणि पोलिसांची चौकी यांच्या मधोमध बॉम्ब फुटला, एक अमेरिकन सैनिक गेला. आजूबाजूच्या लोकांचं म्हणणं, बॉम्ब लावायला इराकी शिपाई आणि पोलिसांनीच मदत केली. लोकांना आधी माहीत होतं. मग सांगितलं का नाही? सांगितलं असतं तर घरची माणसं मारली गेली असती.

या लेखाचं मोठेपण आम्हांला या प्रसंगात दिसतं. त्यांनी बॉम्बची ताकद मोजली नाही, लोकांचं गप्प राहणं मोजलं. गडचिरोलीतही खबऱ्या असल्याच्या संशयावरून किती आदिवासी मारले गेले हे तिथला कोणीही सांगेल. दोन्हीकडून बंदूक असलेल्या गावात माणूस पुरलेल्या डब्याबद्दल का बोलत नाही, हे समजायला फार बुद्धी लागत नाही. तो बोलायला लागला की आम्ही प्रगती मानू.

पण लेखाचा दोषही सांगायला हवा, नाहीतर समीक्षा कसली. या सात जणांनी आपण पाहिलेल्या बगदादवरून साऱ्या देशाबद्दल निकाल दिला. जो जवळ असतो त्याला जास्त दिसतं, हे आपण फार सहज मान्य करतो. जवळच्याला काही गोष्टी दिसायची योग्यता येते, काहींची जाते. रस्त्याचं ठिगळ शिपायाला दिसतं. तो रस्ता कोणासाठी, हा सूरजागडच्या डोंगराखाली राहणाऱ्या माडियाचा प्रश्न आहे. २०१६ च्या डिसेंबरात तिथे लोहखनिजाच्या कामावरची सत्तरहून जास्त वाहनं जाळली गेली. जाळणाऱ्यांचं समर्थन आम्ही करणार नाही. एवढंच म्हणतो, की खनिजाचा ट्रक आणि रुग्णवाहिका एकाच डांबरावरून जातात, आणि किलोमीटरच्या आकड्यात दोन्ही सारखेच मोजले जातात.

त्या सातांचं पुढे काय झालं तेही सांगतो. एकाला लेख तयार होत असतानाच डोक्यात गोळी लागली होती, तो वाचला. १० सप्टेंबरला बगदादमध्ये ट्रक उलटून दोघे गेले. बॉम्बने नव्हे, अपघाताने. त्याच दिवशी सेनापती पेट्रेयस अमेरिकी संसदेपुढे प्रगतीचे तक्ते मांडत होते.

तर मग काहीच बदललं नाही का? बदललं. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शरण आला. ही लहान गोष्ट नव्हे. पण आम्हांला विचाराल तर आम्ही त्याच वर्षीच्या १ जानेवारीकडे बोट दाखवू. त्या दिवशी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या रस्त्यावर एसटी सुरू झाली. एसटीत कंडक्टर असतो, कोंबड्या असतात, परीक्षेला निघालेली पोरं असतात. तिच्यात बसताना कोणी ‘आज गाडी की पायी’ विचारत नाही. हे माप आम्हांला शिपायाच्या मापाच्या जवळ वाटतं. मात्र त्यातही एक फट आहे. १७ मे २०१० ला दंतेवाड्यात एक खाजगी बस उडवली गेली, तिच्यात विशेष पोलीस अधिकारी आणि साधे गावकरी एकत्र बसले होते, तीसहून जास्त माणसं गेली. म्हणजे बस धावते एवढं पुरत नाही. तिच्यात गणवेश कोणाच्या शेजारी बसतो, हेही बघावं लागतं.

आणखी एक, आणि हे आमच्याच पिढीला उद्देशून. ही माणसं सीमेवरची नाहीत. ती पोलीस आहेत, समोरची बहुतेक पोरं त्यांच्याच भाषा बोलणारी आहेत, युद्ध कोणी जाहीर केलेलं नाही. म्हणून त्यांच्या परत येण्याचीही नोंद नीट होत नाही.

आमचा विद्यार्थी परत आला. बदली झाली, आता इकडेच असतो. पहिल्या महिन्यात आम्ही दोघे स्टेशनकडून चालत येत होतो. हा मध्येच आमचा दंड धरून आम्हांला रस्त्याच्या कडेला घ्यायचा, पुन्हा थोडं पुढे गेलं की पलीकडे. आम्हांला कळेना, वाहन तर कुठलं येत नव्हतं. मग खाली बघितलं. पाण्याच्या लाइनीसाठी खोदून बुजवलेला पट्टा होता, ओली माती वर आलेली. इथे तर, कोणाचं नाव घेत नाही, पण वर्षाचे बारा महिने रस्ता ताजाच खोदलेला असतो. तो ओशाळला आणि म्हणाला, ‘सर, माहितेय मला इथे काही नाही.’

आम्ही त्याला योग्यानुपलब्धी समजावली नाही. कडेकडेनेच गेलो, वेळ जरा जास्त लागला.

चला, प्रश्न घेऊ. माईक मागे द्या आधी, मघापासून तिकडच्या बाई हात वर करून बसल्यात.