याबेश-गिलाद : हाडे सांभाळणारे गाव

हिब्रू बायबल वाचणाऱ्याला यरुशलेम, बेथलेहेम, हेब्रोन ही नावे आपोआप पाठ होतात. याबेश-गिलाद मात्र सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. यार्देन नदीच्या पूर्वेला, गिलादच्या डोंगराळ मुलखातले हे गाव. 'याबेश' या हिब्रू शब्दाचा अर्थ कोरडे. आजच्या जॉर्डन देशाच्या उत्तर भागातल्या वादी याबिस या ओढ्याच्या नावात ते टिकून आहे, पण गाव नेमके कोणत्या टेकडीवर होते यावर पुरातत्त्वज्ञांचे एकमत नाही. ग्रंथात हे गाव जेमतेम पाच प्रसंगांत येते आणि त्या पाचही प्रसंगांत गावातल्या एकाही माणसाचे नाव येत नाही.

तरीही इस्राएलला राजा कसा मिळाला आणि पहिल्या राजाचे घराणे कसे संपले, हे या गावाला वगळून सांगता येत नाही. प्रवचनांमध्ये याबेशची गोष्ट सहसा कृतज्ञतेचा धडा म्हणून येते. शौलाने त्यांना वाचवले, म्हणून त्यांनी जिवावर उदार होऊन त्याचे प्रेत सोडवून आणले. आपल्याकडे याला मिठाला जागणे म्हणतात. हा अर्थ चुकीचा नाही. पण तो गोष्ट अर्ध्यातून सुरू करतो. सुरुवात शौलापासून होत नाही, कत्तलीपासून होते.

ही कत्तल 'शास्ते' या पुस्तकाच्या शेवटी आहे. बन्यामीन वंशाच्या गिबा गावात एका लेव्याच्या उपपत्नीवर रात्रभर अत्याचार होतो आणि ती मरते. लेवी तिच्या देहाचे १२ तुकडे करून इस्राएलभर पाठवतो. सगळे वंश मिस्पा येथे जमतात आणि बन्यामीनाविरुद्ध युद्ध होते. शेवटी बन्यामीनाचे ६०० पुरुष उरतात. आता विजेत्यांनाच वाईट वाटू लागते, की एक वंश नाहीसा होईल. पण आपल्या मुली बन्यामीनाला देणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतलेली असते. मग कुणीतरी विचारते, मिस्पाला कोण आले नव्हते? याबेश-गिलादचे कुणी आले नव्हते. १२,००० सैनिक जातात, बायका-मुलांसह गाव कापून काढतात आणि ४०० कुमारी तेवढ्या जिवंत ठेवून बन्यामीनाच्या पुरुषांना देतात.

एका स्त्रीवरच्या अत्याचाराचा न्याय करायला निघालेले लोक ४०० मुलींना त्यांच्या आईबापांच्या प्रेतांवरून ओढून नेतात. त्यांची शपथ मात्र अक्षरशः पाळली जाते. पुस्तकाचा निवेदक यावर टीका करत नाही. त्या काळी राजा नव्हता आणि जो तो आपल्याला योग्य वाटेल ते करी, एवढेच नोंदवून तो पुस्तक मिटतो. याबेशचे लोक मिस्पाला का गेले नाहीत, हे तो सांगत नाही. त्यांना विचारल्याचेही सांगत नाही.

पुढचा प्रसंग 'पहिले शमुवेल' या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात आहे. अम्मोन्यांचा नाहाश याबेशला वेढा घालतो. गाव तह मागते. त्याची अट अशी, की प्रत्येकाचा उजवा डोळा काढीन आणि सगळ्या इस्राएलची नाचक्की करीन. वडीलधारे सात दिवसांची मुदत मागतात. निरोपे निघतात आणि पोहोचतात ते गिबा येथे. शौल बैलांमागून शेतातून घरी येत असतो. निरोप ऐकताच तो बैलांची जोडी कापतो, तिचे तुकडे इस्राएलभर पाठवतो, सैन्य जमवतो आणि याबेश सोडवतो.

दोन्ही प्रसंगांत गिबा आहे, याबेश आहे आणि कापून देशभर पाठवलेले तुकडे आहेत. कापण्यासाठी वापरलेले हिब्रू क्रियापदही एकच आहे. ते एरवी मुख्यतः बलीच्या जनावराचे तुकडे करण्यासाठी येते. हा योगायोग नाही, एवढे कुणीही मान्य करील. शौल बन्यामिनी आहे. उरलेल्या बन्यामिनी घरांत आलेल्या बऱ्याच बायका याबेशच्या होत्या. म्हणजे हाक गेली ती लेकींच्या सासरी, असे वाचकाला म्हणावेसे वाटते. ग्रंथ तसे म्हणत नाही. पण शेजारी ठेवलेल्या या दोन गोष्टी तो विचार मनात आणल्यावाचून राहत नाहीत.

काही अभ्यासक याच्या उलट बाजूने पाहतात. त्यांच्या मते 'शास्ते'चा हा शेवट शौलाच्या बदनामीसाठी रचलेला आहे. शौलाचे गाव अत्याचाऱ्यांचे, शौलाशी इमान राखणारे गाव राष्ट्रकार्याला पाठ फिरवणारे. उलट दावीदाच्या बेथलेहेममध्ये तेवढा चांगला पाहुणचार. हे खरे मानले तरी त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. शौलाला दुखवायचे तर याबेशला दुखवावे लागते, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. इतके हे गाव आणि तो राजा लोकांच्या स्मरणात एकमेकांना चिकटलेले होते.

शौल गिलबोवाच्या डोंगरावर पडतो. पलिष्टी त्याचे डोके कापतात आणि धड बेथ-शानच्या तटाला टांगतात. ज्या इस्राएलने त्याला राजा केले, त्यातले कुणी येत नाही. याबेशचे शूर पुरुष रात्रभर चालून जातात, शौलाची व त्याच्या मुलांची प्रेते उतरवतात, याबेशला आणून जाळतात, अस्थी झाडाखाली पुरतात आणि सात दिवस उपास करतात. नाहाशाकडून मिळालेल्या मुदतीचेही दिवस सातच होते.

'जाळतात' या शब्दावरून मराठी वाचक सहज पुढे जातो, कारण आपल्याला त्यात काही वेगळे वाटत नाही. हिब्रू वाचक तिथे अडखळतो. तिथली रीत पुरण्याची. 'पहिले इतिहास' या पुस्तकात हाच प्रसंग सांगताना जाळण्याचा उल्लेखच गाळला आहे. नंतरच्या काही यहुदी भाष्यकारांनी तर प्रेते जाळली नाहीत, राजाच्या मानासाठी सुगंधी द्रव्ये जाळली, असा अर्थ लावला. मला वाटते, ही अडचण पुसण्यासारखी नाही. विटंबना झालेले प्रेत घेऊन पळणाऱ्या माणसांना रीत सांभाळता येत नाही. शत्रूच्या हाती पुन्हा काही लागू नये, एवढेच त्यांना बघायचे असते.

यानंतर दावीद येतो. हेब्रोनात यहूदाचा राजा होताच तो याबेशला निरोप पाठवतो. त्यांच्या निष्ठेची वाखाणणी करतो, आशीर्वाद देतो आणि शेवटी हळूच आठवण करून देतो, की तुमचा धनी मेला आहे आणि यहूदाने मला अभिषेक केला आहे. शोकसंदेशात मतांची मागणी कशी बसवावी, याचा हा नमुना आहे. याबेशने काय उत्तर दिले, हे ग्रंथ सांगत नाही. पण पुढच्याच वाक्यांत अबनेर शौलाच्या मुलाला ज्या प्रदेशांवर राजा करतो, त्यांच्या यादीत पहिले नाव गिलादचे आहे. मिस्पाला न गेलेले गाव हेब्रोनलाही गेले नाही.

शेवटचा उल्लेख 'दुसरे शमुवेल'च्या २१व्या अध्यायात आहे. दुष्काळ पडतो. गिबोनकरांच्या मागणीवरून दावीद शौलाचे सात वंशज त्यांच्या हवाली करतो आणि ते मारले जातात. रिस्पा त्या प्रेतांवर पक्षी-श्वापदे येऊ देत नाही. ते ऐकून दावीद याबेशहून शौल आणि योनाथान यांच्या अस्थी आणवतो आणि बन्यामीन प्रांतात कीशाच्या थडग्यात ठेवतो. इथे एक शब्द बदलतो. आधी निवेदकाने म्हटले होते, याबेशच्या लोकांनी प्रेते 'घेतली'. आता म्हणतो, 'चोरली'.

कुणाच्या तोंडचा आहे हा शब्द? पलिष्ट्यांच्या दृष्टीने पाहिले तर चोरी खरीच, आणि शौर्याचीही. पण तो येतो तो दावीद त्या अस्थी ताब्यात घेतो त्या वाक्यात. आता राजाचा सन्मान नव्या राजाच्या हातून होणार आहे. गावाने वर्षानुवर्षे झाडाखाली जपलेले दुःख सरकारजमा होते. याबेशने होकार दिला की विरोध केला, हे इथेही कळत नाही. शौलाच्या कथेतला गावाचा वाटा इथेच संपतो.

म्हणून याबेशला फक्त इमानदारीचे गाव म्हणणे मला अपुरे वाटते. इमानदारी होतीच. पण ज्या राष्ट्राने त्याला एकदा मुळासकट कापले, त्या राष्ट्राशी ती नव्हती; हाकेला धावून आलेल्या एका माणसाशी होती. राष्ट्र, शपथ, अभिषेक या शब्दांवर ग्रंथाचा मोठा भर आहे. त्याच ग्रंथात हे गाव त्या शब्दांना एकदाही उत्तर देत नाही. ते फक्त एका रात्री चालत जाते आणि तटावरचे प्रेत उतरवून आणते.

आणि त्या ४०० मुली? त्यांच्यासाठी कुणी रात्रभर चालत गेले नाही. जाण्यासाठी गावात कुणी उरलेच नव्हते. हे गाव पुढे पुन्हा कसे वसले, हेही ग्रंथ सांगत नाही. याबेशची कृतज्ञता वाचताना आधी हे पान वाचावे लागते, नाहीतर त्या कृतज्ञतेचे मोल कळत नाही.