भागाकार बरोबर, विमान चूक

‘मुंबई-लंडन अंतर ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर, तर जाऊन येण्यास किती वेळ लागेल?’ काळ-काम-वेगाच्या धड्यात या धर्तीचे उदाहरण हमखास असते. अपेक्षित उत्तर : १६ तास.

एका शिक्षक-शिबिरात आम्ही असेच उदाहरण सोडवलेली एक उत्तरपत्रिका पाहिली. मुलीने शेवटी लिहिले होते, ‘पण मामाला येताना कमी वेळ लागतो.’ त्या ओळीवर लाल काट होती. आमची टीका त्या काटेवर आहे.

उदाहरणातला वेग कशाच्या सापेक्ष, हे सांगितलेलेच नाही. विमानाचा वेग हवेच्या सापेक्ष असतो आणि हवा स्वतः वाहत असते. समजा, जाताना समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा आहे. जमिनीच्या सापेक्ष वेग उरतो ८००. म्हणजे ९ तास. येताना तोच वारा पाठीशी. वेग १,०००, वेळ ७.२ तास. एकूण १६.२ तास! जातानाचा तोटा येताना पुरता भरून निघत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते. म्हणजे मुलीचे म्हणणे तर बरोबर आहेच, शिवाय छापील उत्तरही वारा नसेल तरच खरे.

अंतराचीही तीच कथा. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को पट्टीने जोडली, तर रेघ अटलांटिकवरून जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणला, तर तो आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेकडून जातो. हे लघुतम अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. मात्र लघुतम मार्ग नेहमी शीघ्रतम नसतो. मध्य अक्षांशांत दहा-बारा किलोमीटर उंचीवरचे वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यांचा लाभ घेण्यासाठी २०१६ साली एअर इंडियाने याच दोन शहरांमधले विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झाले. वेळ मात्र सुमारे दोन तासांनी घटला.

घड्याळाचाही विचार हवा. मुंबईहून दुपारी १ वाजता निघालेले विमान हिवाळ्यात लंडनच्या घड्याळानुसार संध्याकाळी ६ वाजता उतरले, तर प्रवास पाच तासांचा नव्हे, साडेदहा तासांचा झाला. कारण तेथील घड्याळ साडेपाच तास मागे असते. पाच तास धरल्यास वेग येतो ताशी १,४४० किलोमीटर, म्हणजे ध्वनीपेक्षाही जास्त. असे उत्तर आले की थबकायला मुलांना शिकवायला हवे.

उदाहरण गाळावे असे आम्ही म्हणत नाही. ‘वारा नाही असे माना’ एवढे चार शब्द त्यात घालावेत. मग वारा असल्यास काय होईल, हे कोणीतरी विचारीलच. तेव्हा लाल पेन खाली ठेवावे आणि वर्गात पृथ्वीगोल व दोरा आणावा.